दुमडलेलं एक पान

त्याचं खरं नाव आई गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. सगळी गल्ली त्याला काटकोन म्हणायची, आणि त्यात गल्लीचा काही दोष नव्हता. हा माणूस बिस्किटांचा पुडासुद्धा टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवायचा. कुणाच्या घरी गेला तर भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसे. एकदा म्हणे दाढी करायला गेला, न्हाव्याचा आरसा सरळ करण्यात अर्धा तास घालवला आणि दाढी न करताच घरी आला. ही शेवटची गोष्ट खोटी असावी. पण ती त्याच्या बायकोनंच पसरवलेली असल्यामुळे लोक खरी धरून चालायचे.

धंदा बाइंडिंगचा. एक खोली, रस्त्याच्या बाजूला दार, मधोमध कागद कापायचं लोखंडी यंत्र. त्याचं पातं हातभर लांब, आणि चाक फिरवलं की शंभर कागद एका दमात कापले जायचे. कचेऱ्यांची रजिस्टरं, वाचनालयाची पाठ निखळलेली पुस्तकं, वकिलांच्या फायली, सगळं त्याच्याकडे यायचं आणि सरळ होऊन परत जायचं. वीस-बावीस वर्षांत हजारो पुस्तकं हाताखालून गेली, वाचलं एकही नाही. शाळा त्यानं अकराव्या वर्षी सोडली होती. वाचता येत होतं, पण बोट ठेवून, ओठ हलवत, आणि ते कुणी पाहिलेलं त्याला आवडत नसे.

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली. चालायला लागल्यापासून ती बापाच्या मागे, म्हणून शेपटी. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून दुकानात यायची, खळीच्या डब्याजवळ फतकल मारायची आणि घड्या घालत बसायची. सातव्या वर्षी तिला पुस्तकाची शिलाई कळत होती. काटकोन गिऱ्हाइकांना सांगायचा, 'माझ्यानंतर दुकान चालवेल ती.' गिऱ्हाइकं हसायची, तो हसायचा नाही.

शेपटीची शाळा लहान. चार खोल्या, एक अंगण, पाण्याची टाकी आणि हातानं वाजवायची घंटा. तिसरीच्या बाईंना उपक्रमांचं भारी वेड. धडा पंधरा मिनिटांत उरकायचा आणि पोरांना कामाला लावायचं. घरातल्या प्रत्येकाची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजून आणा. घरात दिवसभरात कोण किती वेळा हसलं, त्याच्या खुणा करून आणा. एका घरातून कोरा कागद आला होता, तो बाईंनी काही न बोलता ठेवून घेतला. पालक कुरकुरायचे, 'शिक्षण पोरांचं चाललंय की आमचं?' पण कुरकुरत का होईना, सावली मोजून घ्यायला अंगणात उभे राहायचे.

त्या वर्षी बाईंनी काढलं 'घरचं पान'. प्रत्येक घरासाठी एक कागद. त्यावर घरातल्या प्रत्येकानं स्वतःच्या हातानं काहीतरी लिहायचं किंवा काढायचं. कुणी कुणाचा हात धरायचा नाही, कुणी कुणासाठी लिहायचं नाही. मग सगळ्या पानांचं एक पुस्तक करायचं, आणि पालकांच्या दिवशी घरच्यांनी शाळेत येऊन आपापलं पान शोधायचं.

पुस्तक बांधायचं म्हटल्यावर शेपटीनं हात वर केला नसता तरच नवल. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या.

"तुम्ही द्याल का बांधून? तेवीस पानं आहेत."

काटकोनाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एरवी तो शाळेच्या फाटकापाशी थांबायचा, आत जायचा नाही. पालकसभेला बायको जायची. आज शाळा त्याच्या दारात आली होती.

"द्याल का म्हणून काय विचारता, बाई," तो म्हणाला. "असं बांधून देतो की पोरांची पोरं उघडतील."

घरचं पान त्यांनी रविवारी केलं. शेपटीनं वरती दुकान काढलं. दुकान इतकं मोठं झालं की आईला कोपऱ्यात तिरपं लिहावं लागलं, आणि बापाला उरली अगदी तळची जागा. काटकोनानं आधी रद्दी कागदावर चारदा लिहून पाहिलं, मग जीभ दातात धरून पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली: मी पुस्तके बांधतो. शाळा सोडल्यानंतर सहीपलीकडे त्यानं लिहिलेलं हे पहिलंच काही. लिहून झाल्यावर तो ते लांबून बघत बसला.

"पुरे झालं कौतुक," बायको म्हणाली. "शाई वाळली, आता कागद सुकून जाईल."

पानं आली. कुणाचं वहीतलं फाडलेलं, कुणाचं चित्रकलेच्या वहीतलं, एक तर खोक्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर. एक लांब, एक आखूड, एकाच्या कडेला डाळीचा डाग. काटकोनानं ती वरच्या बाजूनं ठोकून सारखी केली, शिवली, पाठीला खळ लावली. आता राहिली कापणी. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की पात्याखाली घालण्याआधी पान न् पान बघ, कागद परत जोडता येतो, अक्षर येत नाही. हा नियम काटकोनानं वकिलांच्या फायलींना पाळला, वाचनालयाच्या पुस्तकांना पाळला. पोरांच्या पसाऱ्याला कशाला पाळायचा? त्यानं फक्त खालचे कोपरे भराभर चाळले. एका पानाच्या तळाशी कुणीतरी ओढलेली आडवी रेघ कोपऱ्यापर्यंत आली होती, वाकडीतिकडी. पोरानं समास आखायचा प्रयत्न केला असेल, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांना ती रेघ टोचली. पातं तिथंच आणलं की जेवढी जाईल तेवढी जाईल, सगळी पानंही सारखी होतील.

मग त्याच्या लक्षात आलं, तिथं पातं आणलं तर त्याची ओळ जाणार.

बाइंडरांची एक युक्ती असते. समासात काही मोलाचं लिहिलेलं असलं की तेवढं पान खालून वर दुमडून घ्यायचं, बाकीची कापायची, मग ते उलगडायचं. जुन्या पोथ्यांना असं करतात, कुणाची सही-शिक्का असेल तर करतात. काटकोनानं शेपटीचं पान दीड बोट वर दुमडलं. बाकीच्या बावीस पानांकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. चाक फिरवलं, पातं उतरलं. खाली पडलेलं कातरण पायानं सारून त्यानं पोत्यात भरलं. आपलं पान त्यानं उलगडून पाहिलं, तर ते बाकीच्यांच्या बाहेर जीभ काढल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून पुन्हा आत दुमडून ठेवलं. पुठ्ठा चढवल्यावर पुस्तकाची कड अशी झाली की बोट फिरवावं.

पालकांच्या दिवशी बाईंनी दोन खोल्यांमधली लाकडी फळी सरकवून एक मोठी खोली केली होती. मधे टेबल, टेबलावर पुस्तक. काटकोन धुतलेला शर्ट घालून फाटकातून आत आला, आणि बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हे पुस्तक ज्यांनी बांधलं ते आपल्या शेपटीचे बाबा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका शिंप्यानं पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. शिंप्याची दाद म्हणजे खरी दाद. काटकोनाला वाटलं, उगाच इतकी वर्षं फाटकाबाहेर उभा राहिलो.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं टेबल लावणारी आजी होती. तिची नात शेपटीच्याच बाकावर बसायची. मिरीएवढी आणि तितकीच तिखट, म्हणून तिला मिरीच म्हणायचे. घरात दोघीच. आजीच्या अंगावरच्या कपड्यांना कधी इस्त्री नसायची, दुसऱ्यांच्या कपड्यांतच दिवस जायचा. आज होती. तिनं पदराला हात पुसून पुस्तक उघडलं, आणि मिरीनं पान काढून दिलं. वर इस्त्रीचं टेबल काढलेलं, त्याखाली मिरीची दोन वाक्यं.

"कुठं गं?" आजीनं विचारलं.

"खाली बघ की. तळाला लिहिलंस तू."

आजीनं बोट खाली खाली नेलं. बोट कागदावरून घसरून टेबलावर आलं.

"इथं तर काही नाही."

"असं कसं?" मिरी वाकली. "आजीनं नाव लिहिलं होतं, बाई. मी शिकवलं तिला. पंधरा दिवस रोज शिकवलं. आधी वरची रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. ही बघा रेघ आहे."

होती. अर्धीच. पानाच्या अगदी काठावर, वाकडीतिकडी. काटकोनानं ती पाहिली. समास नव्हता तो. साठी उलटलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिण्यासाठी ओढलेली रेघ होती ती, आणि अक्षरं त्यानं पायानं सारून पोत्यात भरली होती.

बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांच्या मनात काही संशय नव्हता, हेच वाईट होतं. "बांधताना तुमच्या पाहण्यात आलं का काही?"

खोलीत तीस-चाळीस माणसं होती. टाळ्या अजून त्याच्या कानांत होत्या.

"आलं तसं बांधलं, बाई," तो म्हणाला. "पोरांची पानं. कुणी लिहिलं असेल, नसेल."

आजीनं तोंडावर पदर धरला. "माझ्याकडूनच राहिलं असेल," ती म्हणाली. "हात कापत होता. पेन टेकलंच नसेल कागदाला. जाऊ दे, मिरे."

"टेकलं होतं. मी बघितलं."

"मिरी फेकते," मागून कुणीतरी पोरगा म्हणाला, आणि चार पोरं हसली. बाईंनी डोळे वटारले, पण बोललेलं बोललं गेलं होतं. आजीनं नातीचा दंड धरला आणि दोघी गर्दीतून बाहेर पडल्या. म्हातारी वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला 'काही नाही, काही नाही' म्हणत होती, जणू तिनंच कुणाच्या पायावर पाय दिला होता.

काटकोनानं मान वळवली तेव्हा शेपटी टेबलाशी होती. तिनं आपलं पान काढलं होतं. तळाच्या दुमडीवर तिचं बोट थांबलं, तिनं ती उलगडली, बापाची ओळ बघितली, पुन्हा दुमडली. दुसऱ्या कुठल्या पोरीला त्यातलं काही कळलं नसतं. ही खळीच्या डब्याजवळ वाढलेली. तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक मिटलं. घरी येताना ती त्याच्या मागे नव्हती, चार पावलं पुढे चालत होती.

त्यानंतरचे आठ दिवस काटकोनानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. शेपटी शाळेतून थेट घरी जायला लागली. गिऱ्हाइकं विचारायची, 'आज वारस नाही वाटतं?' तो म्हणायचा, अभ्यास आहे. गल्लीच्या तोंडावरून जायचं सोडून तो मागच्या बाजूनं, गॅरेजच्या चिखलातून दुकानात येऊ लागला. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आजीकडे शर्ट पडलेत तुमचे. जाताना घेऊन या."

"तू आण."

"तुमच्या वाटेवर आहे ती."

"माझी वाट बदलली आहे."

"चोराच्या मनात चांदणं," बायको म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं, म्हण आपली सहज तोंडी आली होती. काटकोनानं पुढ्यातलं ताट तसंच ठेवलं आणि उठला.

शर्ट बायकोनंच आणले. कॉलर अशी बसवलेली की नव्यालाही बसत नाही. आजीनं कपडे नेहमीसारखेच केले होते. काटकोनाला ते घालवेनात. तो जुन्या सदऱ्यावर दुकानात बसला.

सातव्या दिवशी त्यानं आतल्या खोलीतून ऐकलं, शेपटी आईला सांगत होती. मिरीला सगळे फेकाडी म्हणतात. बाईंनी काही विचारलं तरी ती हात वर करत नाही, कारण तिनं तोंड उघडलं की कुणीतरी म्हणतंच. "आणि तू गं?" आईनं विचारलं. "मी काय करू?" शेपटी म्हणाली. एवढंच. बापाचं नाव तिनं घेतलं नाही. तिनं घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कातरणाचं पोतं जमिनीवर ओतलं. महिन्याभराचं कातरण. ढिगात बसून त्यानं एकेक पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. बऱ्याच वेळानं ती सापडली, बोटभर रुंद, तिच्यावर निळ्या शाईची अक्षरं, वरची रेघ अर्धवट गेलेली. त्यानं बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. वीस वर्षं तो त्या बाईला शर्ट देत होता, आणि तिचं नाव त्याला आज कळलं.

तो तसाच उठला, कपड्यांना चिकटलेले कपटेही झटकले नाहीत. आजी टेबलाशी उभी होती, एका पांढऱ्या पँटवर पाणी शिंपडत.

"आजी," तो म्हणाला आणि पट्टी पुढे केली. "हे तुमचं. माझ्या हातून कापलं गेलं. नजरचूक झाली."

आजीनं इस्त्री उभी केली. पट्टी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली. मग तिचा चेहरा असा फुलला की काटकोनाला वाटलं, सुटलो.

"म्हणजे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "लिहिलं होतं की रे मी. मला वाटलं, म्हातारपणी भास झाला. रोज रात्री आठवून बघते, पेन टेकलं होतं की नव्हतं." आणि ती हसली. मग हसू ओसरलं. "तुला कधी कळलं हे?"

तो बाहीला चिकटलेला एक कपटा काढू लागला.

"त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली," तो म्हणाला.

"बरं झालं सांगितलंस." आजीनं पट्टी त्याच्या हातात परत ठेवली. "तुला वाटली आणि आठ दिवस मी अंगावर घालून हिंडले. माझं सोड. माझ्या अंगाला सगळं बसतं. पोरीला सांग. तिच्या वर्गात जाऊन सांग."

"बाईंच्या कानावर घालतो. त्या सांगतील वर्गाला."

"बाईंनी कापलं का?"

आजीनं इस्त्री उचलली आणि पँटच्या घडीवर ठेवली.

दुमडलेल्या पानाबद्दल तो तिच्याशी बोलला नाही. बोलायचं ठरवून निघाला होता, पण नजरचूक या शब्दात ते बसत नव्हतं, आणि दुसरा शब्द त्याच्याकडे नव्हता. नजर चुकली नव्हती. आपलं पान वाचवण्यापुरती ती चांगली शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी संपल्यावर तो तिसरीच्या दारात उभा राहिला. बाईंना त्यानं दारातच थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "या आत." तो फळ्यासमोर उभा राहिला. बावीस तोंडं त्याच्याकडे. शेपटी दुसऱ्या बाकावर होती, तिनं मान वर केली नाही. तिच्या शेजारी मिरी, हाताची घडी घालून.

"मिरी खरं बोलत होती," तो म्हणाला. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा आला. "तिच्या आजीनं नाव लिहिलं होतं. मी पुस्तक कापताना ते कापलं गेलं. आणि बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे तिचं नाव."

मिरी उठली. तिनं पट्टी घेतली, ती घेऊन तिला फेकाडी म्हणणाऱ्या तिसऱ्या बाकावरच्या पोरासमोर थेट गेली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "वाच," ती म्हणाली. त्यानं वाचलं. "मोठ्यानं वाच." त्यानं मोठ्यानं वाचलं. मग ती जागेवर येऊन बसली.

काटकोनाचं काम झालं होतं. तो दाराकडे वळणार, एवढ्यात त्याच पोरानं विचारलं, "काका, खालचं सगळ्यांचंच कापलं का? माझा कुत्रा अर्धाच राहिलाय."

"थोडं थोडं सगळ्यांचं," तो म्हणाला.

"शेपटीचं पण?"

काटकोनानं दाराकडे पाहिलं. तेवढ्यात शेपटी उभी राहिली.

"आमचं पण कापलंय," ती म्हणाली. खिडकीतल्या फळीवरून तिनं पुस्तक आणलं, आपलं पान काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हे बघा. बाबांची ओळ होती इथं. गेली."

पानाचा तळ कापलेला होता. दुमड नव्हती, ओळ नव्हती. कापाची रेघ कागदकामाच्या बोथट कात्रीनं जाते तशी गेली होती, वर-खाली, दोन ठिकाणी अडखळून पुन्हा सुरू झालेली. दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. पोराचं समाधान झालं. बाईंनीही मान हलवली. झाकली मूठ झाकलेली राहिली असती आणि काटकोन अर्ध्या लाजेत घरी गेला असता. आठ वर्षांची पोर बापाला वाचवायला उभी राहिली होती, आणि वाचवायची रीत तिनं बापाकडूनच उचलली होती. आजीसमोर, चाळीस लोकांसमोर, कधीही त्याला वाटली नव्हती अशी लाज त्याला त्या वेळी वाटली. ती पायांतून वर आली.

"नाही," तो म्हणाला. "आमचं कापलं नव्हतं. मी ते दुमडून ठेवलं होतं, म्हणून वाचलं. बाकीची बावीस पानं मी धड बघितलीही नाहीत. दुमडता ती पण आली असती. हे जे कापलंय ते हिनं नंतर कापलं, माझं कुणाला दिसू नये म्हणून."

वर्गात कुजबुज सुरू झाली. शेपटी खाली बसली आणि तिनं पुस्तक बाकावर पालथं ठेवलं. तो तिच्याजवळ गेला, वाकला.

"कशाला सांगितलंस?" ती पुटपुटली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. "आता मला म्हणतील फेकाडी."

"मला म्हणतील."

"तुला काय," शेपटी म्हणाली, "तू घरी जाशील. मी इथेच बसते."

अकराव्या वर्षी असाच एकदा वर्ग त्याच्याकडे बघत राहिला होता आणि तो उठून गेला होता, तो कायमचाच. तो सरळ उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "घंटा होईपर्यंत बसू का इथं?"

बाईंनी मागच्या बाकाकडे हात केला. काटकोन त्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीपाशी आले, बाक करकरला. एक पोर खुदकन हसलं. बाईंनी फळ्यावर भागाकार लिहिला आणि विचारलं, कुणाला येईल. कुणाचंच लक्ष नव्हतं. तिसरीचा सगळा वर्ग फळा सोडून मागे वळून वळून काटकोनाकडे बघत होता, एकमेकांच्या कानाला लागत होता, बोटं दाखवत होता. त्यानं मान खाली घातली नाही. जितकं बघता येईल तितकं बघू दिलं. शेपटीकडे कुणी बघत नव्हतं.